'द सोशल नेटवर्क': ज्यांचे फोटो उचलले, त्या मुली कुठे गेल्या?

सांजवेळ

फेसबुकच्या जन्माची गोष्ट सांगणाऱ्या 'द सोशल नेटवर्क' (२०१०) या सिनेमात दोन खटले चालतात आणि दोन्हींत फिर्यादी पुरुष आहेत. हार्वर्डमधलेच विंकलव्हॉस बंधू आणि दिव्य नरेंद्र म्हणतात, आमची कल्पना चोरली. फेसबुकचा सहसंस्थापक एदुआर्दो सॅव्हरिन म्हणतो, माझा हिस्सा लाटला. लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंना वकील, समोर फायली आणि मधोमध मार्क झुकरबर्ग. पण सिनेमातली पहिली चोरी यांतली कुठलीच नाही. ती आहे फोटोंची. त्या चोरीच्या फिर्यादींना टेबलाजवळ खुर्चीच मिळत नाही. हेच मला बरीच वर्षं खुपतंय, म्हणून हा धागा.

आधी प्रत्यक्षात घडलं ते थोडक्यात. २००३ च्या शरद ऋतूत हार्वर्डमध्ये दुसऱ्या वर्षाला असलेल्या झुकरबर्गने 'फेसमॅश' नावाचं संकेतस्थळ बनवलं. हार्वर्डच्या प्रत्येक वसतिगृहाची ओळखपुस्तिका असायची, नाव आणि फोटो असलेली, आणि तिला 'फेसबुक' म्हणायचे. अशा नऊ वसतिगृहांच्या ऑनलाइन पुस्तिकांमधून त्याने फोटो उचलले, दोन-दोन शेजारी ठेवले आणि लोकांना विचारलं, यातलं जास्त आकर्षक कोण? 'हार्वर्ड क्रिम्सन'च्या बातमीनुसार सुमारे ४५० जणांनी तिथे २२,००० वेळा मत दिलं. फुएर्झा लॅटिना ही लॅटिन अमेरिकी वंशाच्या विद्यार्थ्यांची संघटना आणि कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची संघटना या दोन्हींनी हरकत घेतली. विद्यापीठाच्या शिस्तपालन मंडळापुढे त्याच्यावर तीन आरोप होते: सुरक्षाभंग, स्वामित्वहक्काचा भंग आणि व्यक्तींच्या खासगीपणाचा भंग. त्याला काढून टाकलं नाही. ४ फेब्रुवारी २००४ ला 'द फेसबुक' सुरू झालं.

आता सिनेमात हे कसं येतं ते पाहा. मार्क खोलीत बिअर पीत बसलाय, एका बाजूला ब्लॉग लिहितोय, दुसऱ्या बाजूला एकेका वसतिगृहाचं कुलूप उघडतोय. कुठलं सोपं, कुठलं कटकटीचं, हे तो भराभर सांगत जातो. एदुआर्दो येऊन खिडकीच्या काचेवर सूत्र लिहितो. ट्रेंट रेझ्नर आणि अ‍ॅटिकस रॉसचं संगीत नाडीचे ठोके वाढवत नेतं. मध्येमध्ये एका प्रतिष्ठित क्लबातली पार्टी दिसते, तिथे बसमधून मुली आणल्या जातात. मग लिंक या संगणकावरून त्या संगणकावर पसरते आणि अखेर विद्यापीठाचं नेटवर्क कोसळतं. तो क्षण विजयाचा वाटतो. दरवर्षी मी हा प्रसंग चित्रपट रसग्रहणाच्या वर्गात दाखवते आणि दरवर्षी इथे मुलं हसतात. मुलीही हसतात. प्रसंग इतका नेमका बांधलाय की तो हसवतोच.

लगेच पुढे मंडळासमोरची सुनावणी. मार्क एका दमात त्या दोन्ही संघटनांची नावं घेऊन माफी मागून मोकळा होतो आणि त्याच श्वासात म्हणतो की सुरक्षेतली भोकं दाखवून दिल्याबद्दल मंडळाने खरं तर माझे आभार मानायला हवेत. वर्गात दुसरा हशा इथे. ज्या संघटनांमुळे प्रकरण तडीला गेलं, त्या या सिनेमात अर्ध्या वाक्यापुरत्या उरतात. वर्गात एक मुलगी त्याला चिठ्ठी पाठवते, तीत शिवी असते. एका खोलीत कोणीतरी म्हणतं, ही तर माझी रूममेट. बस.

मला सिनेमा वाईट म्हणायचा नाही. आठ नामांकनं आणि तीन ऑस्कर उगाच नाही मिळाले, आणि त्यांतलं संकलनाचं ऑस्कर तर अशाच प्रसंगांसाठी आहे. माझं म्हणणं एवढंच की समाजमाध्यमांचा उदय म्हणून जगाने जी गोष्ट डोक्यात पक्की केली, तीत नैतिक प्रश्न 'कल्पना कोणाची' आणि 'मित्राला कोणी फसवलं' हा झाला. 'हा चेहरा कोणाचा आणि तो वापरायला परवानगी कोणी दिली' हा प्रश्न दहाव्या मिनिटाला येतो आणि विसाव्या मिनिटापर्यंत विसरला जातो.

दुसरी एक गोष्ट यालाच जोडून. २०१० मध्येच झुकरबर्गचे विद्यार्थीदशेतले काही चॅट बाहेर आले. त्यांत तो मित्राला सांगतो की माझ्याकडे हार्वर्डच्या चार हजारांवर लोकांचे ईमेल, फोटो, पत्ते आहेत, लोकांनी ते आपणहून दिलेत, त्यांचा माझ्यावर विश्वास आहे. आणि पुढे त्या लोकांना शिवी. चित्रीकरण त्याआधीच उरकलं होतं, तेव्हा सिनेमात ते नाही याचा दोष मी देत नाही. पण हे चॅट वाचल्यावर कळतं की खरा विषय किती जवळ होता.

तुम्हाला काय वाटतं? आणि समाजमाध्यमांवरच्या कुठल्या सिनेमात ज्यांची माहिती गेली त्यांना खरोखर जागा मिळाली आहे?

रीळमास्तर

सांजवेळ, लेख आवडला, पण मुख्य मुद्द्याशी असहमत. मी संकलनात आहे, तेव्हा त्याच अंगाने बोलतो.

फेसमॅश आणि क्लबची पार्टी समांतर कापलीय ती उगाच नाही. तिकडे श्रीमंत पोरं बसमधून आलेल्या मुलींची निवड करतायत, इकडे क्लबात प्रवेश न मिळालेला पोरगा खोलीत बसून तेच यंत्रावर करतोय. एका कटमध्ये दिग्दर्शक सांगतो की दोन्ही एकच आहे. हे विधान कोणाच्या तोंडी घातलं असतं तर भाषण झालं असतं. आणि प्रेक्षक हसला, तोही त्या ४५० जणांत गेला. त्याला तिथे नेऊन बसवणं हेच दिग्दर्शकाचं काम आहे.

दुसरं, एरिका, सुरुवातीच्याच प्रसंगात मार्कला सोडून जाणारी मैत्रीण. ती खुर्चीत बसलेली फिर्यादीच आहे की! हॉटेलमध्ये मार्क तिच्या टेबलाशी येतो तेव्हा ती सगळ्यांसमोर सुनावते. इंटरनेटवर पेन्सिलीने लिहिलं जात नाही, शाईने लिहिलं जातं, या अर्थाचं तिचं वाक्य आजही खासगीपणावरच्या कुठल्याही व्याख्यानात चपखल बसेल. तिच्या अंतर्वस्त्राच्या मापाबद्दल त्याने ब्लॉगवर लिहिलेलं असतं आणि ती ते त्याच्या तोंडावर आणून टाकते. एका प्रसंगात इतकं येत असेल तर आणखी किती हवं?

शेवटी तो एकटा बसून तिलाच मैत्रीची विनंती पाठवतो आणि पान पुन्हा पुन्हा ताजं करत राहतो. म्हणजे सिनेमा सुरू होतो तिच्यावर आणि संपतो तिच्यावर.

सांजवेळ

रीळमास्तर, समांतर कटाचं तुमचं वाचन मला मान्य आहे, वर्गात मीही तेच सांगते. अडचण पुढे आहे. प्रेक्षकाला गुन्ह्यात सामील करून घेतलं, ठीक. मग त्याला त्याची टोचणी लागेल असं एक तरी दृश्य लागतं. ते एरिकाच्या वाट्याला आलं असं तुम्ही म्हणता, पण एरिकाचा फोटो फेसमॅशवर नव्हता. ती बॉस्टन विद्यापीठाची. तिची तक्रार ब्लॉगबद्दल आहे आणि ती तक्रार एका प्रेयसीची आहे. म्हणजे शेकडो जणींचं नुकसान एका तुटलेल्या नात्यात बसवलं गेलं. मग शेवटची ती विनंती आपल्याला त्याच्याबद्दल हळहळायला लावते. तरुण वकीलबाईसुद्धा जाता जाता त्याचीच समजूत काढतात.

शिवाय एरिका काल्पनिक आहे. प्रत्यक्षात झुकरबर्गची प्रिसिला चॅनशी ओळख २००३ पासूनची, पुढे २०१२ मध्ये लग्न झालं. सिनेमात ती औषधालाही नाही. मुलीने नाकारलं म्हणून सूडाने साम्राज्य उभारलं, ही गोष्ट सांगायची तर प्रिसिलाला काढावंच लागतं. जिवंत माणसाच्या आयुष्याचं कारणच बदलून टाकायचं आणि खाली त्याचं खरं नाव ठेवायचं, हे मला पटत नाही, मग तो माणूस कितीही बलाढ्य असो. दिव्य नरेंद्रचंही तेच. भारतातून आलेल्या डॉक्टर दांपत्याचा मुलगा, त्याच्या भूमिकेत भारतीय वंशाचा नट नाही आणि त्याच्या घराबद्दल एक ओळ नाही.

काळा कोट

कायद्याच्या बाजूने थोडं.

अमेरिकेत झुकरबर्गची परवानगी घ्यायची गरजच नव्हती. सार्वजनिक व्यक्तीवर सिनेमा काढणं हे तिथे अभिव्यक्तीस्वातंत्र्यात बसतं. ऑलिव्हिया डी हॅविलंड या ज्येष्ठ अभिनेत्रीने आपलं पात्र विनापरवानगी मालिकेत दाखवल्याबद्दल दावा लावला होता, तेव्हा त्यांना १०१ वर्षं पूर्ण व्हायला एकच दिवस होता. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. थोडं काल्पनिक घातलं तरी चालतं, जाणूनबुजून बदनामी केली असं सिद्ध झालं तरच प्रश्न येतो.

आपल्याकडे १९९४ हे वर्ष महत्त्वाचं. सर्वोच्च न्यायालयाने आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या निकालात म्हटलं की माणसाच्या खासगी आयुष्याबद्दल त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, ते खरं असो वा खोटं. मात्र सार्वजनिक नोंदींत, उदाहरणार्थ न्यायालयाच्या कागदपत्रांत, असलेलं चालतं. त्यालाही अपवाद ठेवला आहे: लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीचं नाव नोंदीत असलं तरी छापायचं नाही. त्याच वर्षी फूलनदेवी 'बँडिट क्वीन'विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. माझ्यावर झालेला अत्याचार मला न विचारता पडद्यावर दाखवला, ही त्यांची तक्रार. न्यायालयाने प्रदर्शन थांबवलं, पुढे तडजोड झाली. एका जिवंत बाईने 'माझी गोष्ट माझी आहे' हे इतक्या ठणकावून सांगितल्याचं आपल्या सिनेमात दुसरं उदाहरण मला आठवत नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

सांजवेळ यांच्या मुद्द्याला याची जोड अशी की 'द सोशल नेटवर्क'चा सगळा सांगाडा खटल्यांच्या कागदपत्रांवर उभा आहे. न्यायालयात जो गेला त्याचीच नोंद होते, आणि ज्याची नोंद त्याचीच पटकथा. विंकलव्हॉस बंधूंकडे वकील लावायला पैसे होते, २००८ मध्ये साडेसहा कोटी डॉलरची तडजोडही झाली. फेसमॅशवरच्या कोणाचा खटला उभा राहिला नाही, म्हणून त्यांची जबानी नाही, म्हणून दृश्य नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. याच खटल्यातली काही कागदपत्रं २००७ मध्ये हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांसाठीच्या एका मासिकाने प्रसिद्ध केली. त्यांत झुकरबर्गची तेव्हाची ऑनलाइन डायरीही होती. ती काढून टाका म्हणून फेसबुक न्यायालयात गेलं आणि न्यायाधीशांनी नकार दिला. आपली माहिती परवानगीवाचून लोकांपुढे गेली की कसं वाटतं हे त्या कंपनीला तेव्हाच कळलं होतं.

बे एरियातून

इथे बसून वाचतोय, त्यामुळे दोन पैसे माझेही. मी इंटरनेट कंपन्यांच्याच क्षेत्रात काम करतो (मेटामध्ये नाही).

सिनेमातली घटनांची रेघ पहिल्या दहा लाख सदस्यांपाशी थांबते. खासगीपणाचं खरं प्रकरण त्यानंतर सुरू होतं. सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आलं. तोवर मित्राने काय बदललं ते बघायला त्याच्या पानावर जावं लागायचं, त्या दिवशी सकाळी ते सगळं प्रत्येकाच्या समोर वाहत आलं. माहिती तीच, पण ती जाऊन बघणं आणि अंगावर येणं यांत फरक असतो. लाखो विद्यार्थ्यांनी निषेधाचे गट काढले, आणि ते गट न्यूज फीडमुळेच पसरले. २००७ मध्ये बीकन आलं. इतर संकेतस्थळांवर तुम्ही काय खरेदी करता ते मित्रांना आपोआप कळवणारं. एका गृहस्थाने बायकोला अचानक द्यायची म्हणून अंगठी घेतली आणि ती बातमी बायकोसकट सगळ्या मित्रयादीला पोचली. त्यावरून सामूहिक दावा झाला, पंच्याण्णव लाख डॉलरची तडजोड झाली आणि बीकन गुंडाळलं. कोणी म्हणतं की खासगीपणा हा विषय पडद्यावर रंगत नाही. मला सांगा, हा अंगठीचा प्रसंग रंगणार नाही?

२०११ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेसबुककडून खासगीपणा जपण्याची लेखी हमी घेतली, ती मोडली म्हणून २०१९ मध्ये पाच अब्ज डॉलर दंड. मधल्या काळात केंब्रिज अ‍ॅनालिटिका. एका प्रश्नमंजुषेच्या अ‍ॅपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली. त्यातला आपल्याकडचा आकडा प्रत्येकाने लक्षात ठेवावा. फेसबुकनेच दिलेल्या माहितीनुसार भारतात ते अ‍ॅप घेतलं ३३५ जणांनी, आणि त्यापायी माहिती जाण्याची शक्यता होती ५,६२,४५५ जणांची. बाकीच्यांनी काहीही दाबलं नव्हतं. त्यांचा कोणी ओळखीचा त्या ३३५ मध्ये होता, एवढाच त्यांचा संबंध. त्यामुळे 'तुम्ही अटी वाचायला हव्या होत्या' हे उत्तर मला कधीच पटलं नाही. तुमच्या मित्राने तुमच्यासाठी कुठल्या अटी मान्य केल्या हे तुम्हाला वाचायला मिळतच नाही.

याच प्रकरणी एप्रिल २०१८ मध्ये झुकरबर्ग अमेरिकी काँग्रेसपुढे आला तेव्हा एका सदस्याने त्याला फेसमॅशबद्दल विचारलं. त्याने सांगितलं की ती कॉलेजातली एक खोडी होती, फेसबुकशी तिचा संबंध नाही, आणि त्यावरच्या सिनेमाची सत्यता संदिग्ध आहे. म्हणजे सिनेमात चुका आहेत हे खरं असल्याचा त्याला फायदाच झाला. पटकथाकार आरन सोर्किनने जिथे जिथे मनाचं घातलं, तिथे तिथे 'सगळंच बनावट' म्हणायला वाट मिळाली. खासगीपणाबद्दल बोलणाऱ्या सिनेमाने तपशिलात काटेकोर राहावं असं मला वाटतं ते एवढ्यासाठी. फेसमॅशवर मुलग्यांचेही फोटो असल्याचं वर्णन आहे. सिनेमाने फक्त मुली ठेवल्या.

'द ग्रेट हॅक' (२०१९) या बाबतीत मला जवळचा वाटतो. त्यात डेव्हिड कॅरल हा प्राध्यापक 'माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे ते मला द्या' एवढंच मागत ब्रिटनच्या न्यायालयापर्यंत जातो. मागणी साधी आहे आणि ती पूर्ण होत नाही. ज्याची माहिती गेली तो माणूस तिथे मध्यभागी आहे.

रीळमास्तर

@बे एरियातून, 'द ग्रेट हॅक'बद्दल सहमत. 'द सोशल डिलेमा' (२०२०) मला मात्र खटकला. अल्गोरिदम म्हणजे काचेच्या खोलीत बसलेली तीन माणसं, एका पोराच्या बाहुलीला नाचवणारी. भीती दाखवायला सोपं, पण प्रत्यक्षात तिथे कोणी माणूस बसून तुम्हाला बघत नसतो, आणि तेच जास्त गंभीर आहे. शिवाय बोलायला बसवलेले बरेचसे लोक ही यंत्रं ज्यांनी बनवली तेच.

बे एरियातून

आणि ते दाखवणारं नेटफ्लिक्स. २००६ मध्ये त्यांनी शिफारसी सुधारण्यासाठी दहा लाख डॉलरची स्पर्धा ठेवली आणि सुमारे पाच लाख ग्राहकांनी सिनेमांना दिलेले गुण नावं काढून सगळ्यांना खुले केले. टेक्सास विद्यापीठातले अरविंद नारायणन आणि विताली श्माटिकोव्ह यांनी दाखवून दिलं की आयएमडीबी या सिनेमाविषयक संकेतस्थळावरच्या उघड अभिप्रायांशी ते गुण ताडून पाहिले तर नावं परत मिळतात. कोण काय बघतो यावरून त्याचं राजकारण, त्याची लैंगिकता ओळखता येते. स्वतःची समलैंगिकता लपवून राहणाऱ्या एका आईने नाव न देता दावा लावला आणि २०१० मध्ये नेटफ्लिक्सने पुढची स्पर्धा रद्द केली. 'द सोशल डिलेमा'त याचा उल्लेख हवा होता असं माझं ठाम मत आहे.

तिसरी घंटा

मी सहायक दिग्दर्शक आहे, मुंबईत मालिका आणि वेबसिरीज. तुम्ही मोठ्या कंपन्यांबद्दल बोलताय, मी सेटवरचं सांगतो.

आजच्या प्रत्येक कथेत फोनचा पडदा दाखवावा लागतो. चॅट, प्रोफाइल, आलेला कॉल. तो पडदा भरायचा कशाने? रात्री दोनला कला विभागातला पोरगा घाईत कुठल्या तरी खऱ्या प्रोफाइलचे फोटो उचलतो आणि 'कमेंट करणारे लोक' म्हणून चिकटवतो. अर्धा सेकंद तर दिसणार, कोणाला कळतंय. पण आता प्रेक्षक थांबवून, मोठं करून बघतो. 'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेत कार्डावर दाखवलेला क्रमांक एका खऱ्या माणसाचा निघाला, त्याला हजारो फोन गेले, नंतर नेटफ्लिक्सने तो भाग कापला. २०२४ च्या 'अमरन' या तमिळ चित्रपटात नायिकेचा म्हणून दाखवलेला क्रमांक चेन्नईच्या एका विद्यार्थ्याचा होता. त्याला झोप लागेना इतके फोन आले आणि त्याने निर्मात्यांना नोटीस पाठवली. क्रमांक मग धूसर केला गेला.

मी आमच्या चमूत नियम केलाय. पडद्यावर दिसणारा प्रत्येक चेहरा चमूतल्याच कोणाचा तरी आणि त्याची लेखी संमती फायलीत. क्रमांक निर्मिती संस्थेने स्वतः घेतलेल्या सिमचा. खर्च नगण्य आहे. तरी दर वेळी भांडावं लागतं, कारण 'एवढ्याशा गोष्टीला कोण विचारतंय' हे वाक्य ठरलेलं.

माहितीपटात तर हे आणखी अवघड. 'कॅटफिश' हा माहितीपट 'द सोशल नेटवर्क'च्या आगेमागेच, २०१० मध्ये आला. फेसबुकवर खोट्या ओळखी उभ्या करणाऱ्या मिशिगनमधल्या एका मध्यमवयीन बाईच्या दारात तीन तरुण कॅमेरा घेऊन पोचतात. बाई घरी अपंग सावत्र मुलांचं सगळं करणारी, थकलेली. तिने खोटं बोललं हे खरं. पण कॅमेरा त्या मुलांवरही फिरतो, आणि त्यांनी कोणाला काही खोटं सांगितलं नव्हतं. तिने नंतर परवानगी दिली असेल, पण दारात तिघं उभे असताना दिलेली परवानगी आणि विचार करून दिलेली परवानगी यांत अंतर आहे. 'कॅटफिश' हा शब्द आज जगभर शिवीसारखा वापरतात, आणि त्यामागे एका बाईचं घर आहे.

पंचगंगा

बरेच दिवस वाचनमात्र होते. या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

मी अभियांत्रिकीच्या वसतिगृहात होते तेव्हा आमच्या मुलींचे फोटो असलेलं एक पान निघालं होतं. फोटो गॅदरिंगचे, काही ओळखपत्रावरचे. खाली मतदान. मी त्यात होते. माझ्या फोटोखाली एकाने माझ्या दातांबद्दल लिहिलं होतं आणि त्याला जवळजवळ सगळ्या वर्गाने हसरे चेहरे टाकले होते. प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्याचाही त्यात चेहरा होता. आम्ही तिघी जणी विभागप्रमुखांकडे गेलो, तर पहिला प्रश्न आला की तुमचे फोटो मुळात बाहेर गेलेच कसे. दुसरा प्रश्न, घरी सांगितलंय का. पान चार महिन्यांनी बंद झालं ते आपोआप, परीक्षा आल्या म्हणून. ज्याने बनवलं तो हुशार मुलगा होता, सगळे त्याला तसंच म्हणायचे, मास्तरसुद्धा.

'द सोशल नेटवर्क' मी नोकरी लागल्यावर पाहिला. वर म्हटलेला तो प्रसंग आला तेव्हा माझ्या शेजारची मैत्रीण हसली. मला राग तिचा नाही आला. मला बघायचं होतं की त्या दुसऱ्या दिवशी सकाळी भोजनगृहात काय झालं. कोण कोणाकडे बघत होतं, कोण जेवायला आलीच नाही, कोणी ताट घेऊन खोलीत नेलं. हार्वर्डच्या मुलींच्या संघटना उभ्या राहिल्या, त्यांची बैठक कुठे झाली असेल, पत्र कोणी लिहिलं असेल, 'कशाला वाढवता' असं त्यांनाही कोणी म्हटलं असेल का. त्यांनी एवढं केलं आणि माफी मिळवली. आम्ही तिघी ते करू शकलो नाही. म्हणून मला ते दृश्य हवं होतं.

रीळमास्तर, तुम्ही म्हणता प्रेक्षक त्या ४५० जणांत जाऊन बसतो. बरोबर आहे. पण मी जाऊ शकत नाही, मी आधीच दुसऱ्या बाजूला आहे. तो कट माझ्यासाठी बांधलेला नाही.

काळा कोट

पंचगंगा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तुमच्याकडे तेव्हाचं काही जपून ठेवलेलं असेल आणि कधी काही करावंसं वाटलं, तर निरोप पाठवा. फी वगैरेचा प्रश्न नाही.

रीळमास्तर

पंचगंगाताई, कट कोणासाठी बांधतो हा प्रश्न मी टेबलावर बसून स्वतःला कधी विचारला नव्हता. 'प्रेक्षक' म्हटलं की डोळ्यांसमोर एकच माणूस येतो. समांतर कटाबद्दलचं माझं मत कायम आहे, तो अर्थ त्यात आहेच. पण त्याच्यानंतर भोजनगृहातली सकाळ, संगीताशिवाय, एक मिनिटभर, असती तर सिनेमा अधिक मोठा झाला असता. लांबी दोन तासांची आहे, एक मिनिट निघालं असतं.

सांजवेळ

पंचगंगा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आभार.

आता सोर्किन स्वतः पुढचा सिनेमा दिग्दर्शित करतोय, 'द सोशल रेकनिंग', आणि त्याच्या केंद्रस्थानी फ्रान्सिस हॉगन आहे. २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणणारी, ऑक्टोबरमध्ये सिनेटपुढे साक्ष देणारी. त्या कागदपत्रांत कंपनीचीच एक पाहणी होती: ज्या किशोरवयीन मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांतल्या ३२ टक्के म्हणाल्या की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं. माझं लक्ष असणार आहे ते या मुली सिनेमात कशा येतात यावर. बैठकीच्या खोलीतल्या पडद्यावरचा टक्का म्हणून, की एखाद्या घरातली एखादी मुलगी म्हणून. हॉगन धाडसी आहेच, पण पुन्हा तेच व्हायला नको की आतला माणूस आणि आतला माणूस यांचं भांडण, आणि बाहेरचे सगळे आकड्यात.

आपल्याकडे विक्रमादित्य मोटवानेच्या 'कंट्रोल'ने (२०२४) निदान प्रयत्न केला. सगळी गोष्ट नायिकेच्या संगणकाच्या आणि फोनच्या पडद्यावरच घडते, आणि ती अ‍ॅपला एकेक परवानगी देत जाते तेव्हा आपण तिच्या जागी असतो. पुढे त्यात खून आणि बड्या कंपनीचं कारस्थान आलं आणि मला वाटतं तिथे तो सैल झाला. खून नसतानाही ते भयंकरच होतं.

या सत्रात मी फेसमॅशचा प्रसंग दाखवणार आहे, पण आवाज बंद करून एकदा आणि आवाजासह एकदा. त्यानंतर मुलांना भोजनगृहातला प्रसंग लिहायला देईन, विद्यार्थिनींच्या बाजूने. पंचगंगा, त्याआधी तुमचा वरचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवू का? नाही म्हणालात तर अजिबात वाचणार नाही, आणि कारण विचारणार नाही.

पंचगंगा

वाचा. फक्त दातांबद्दलची ओळ गाळा, आणि प्रयोगशाळेचं वाक्यही. बाकीच्या दोघींना मी काल फोन केला. एक हो म्हणाली. दुसरीला नको आहे, म्हणून 'आम्ही तिघी' असेल तिथे 'आम्ही काही जणी' असं वाचा. मुलांनी लिहिलेले प्रसंग त्यांची हरकत नसेल तर वाचायला आवडतील.

सांजवेळ

तसंच करते. मुलांना विचारून, जे हो म्हणतील त्यांचेच पाठवीन.